रॅम्पवरील शिष्टाचार



इस्राएलमधील कोणत्याही विद्यापीठाच्या अथवा कॉलेजच्या प्रवेशद्वारापाशी रविवारी सकाळी आठच्या सुमारास क्षणभर उभे राहून पाहावे. शब्बाथसाठी घरी गेलेली मुले वसतिगृहाकडे परतत असतात. कोणाच्या पाठीवर मोठी थैली, कोणाच्या हाती चाकांची बॅग; बॅगेत आईने धुऊन घडी केलेले कपडे आणि आपल्या घरचे मूल असेल तर वर एका डब्यात मासळीचे तिखट कालवण. ही सारी गर्दी प्रवेशद्वारातून आत शिरली की पायऱ्यांकडे न वळता शेजारच्या रॅम्पकडे वळते. बॅगेला चाके आहेत आणि रॅम्पला पायऱ्या नाहीत. मग ओझे उचलण्याचा त्रास कोण घेणार?

काही वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी या गर्दीत मीही होतो. माझी नात दक्षिणेकडील एका शिक्षणसंस्थेत नुकतीच दाखल झाली होती. तिला पोहोचविण्यासाठी दोन बॅगा व एक खोके घेऊन आम्ही निघालो. इमारतीसमोर वळण घेत वर जाणारा रॅम्प होता. मधल्या सपाट जागेवर दम घेण्यासाठी मी थांबलो. तेवढ्यात डिमोना येथील एक जुने स्नेही समोरून आले. तेही आपल्या नातवाला सोडावयास आले होते. मग काय विचारता? दोन मराठी माणसे परगावी भेटली की बोलण्यास विषयांचा तोटा नसतो. बॅगा तेथेच ठेवून आम्ही गप्पांत रंगून गेलो.

खालून एक तरुण चाकांच्या खुर्चीतून वर येत होता. त्याने दोन्ही हातांनी चाके फिरवून चांगली गती घेतली होती. वळणापाशी येताच त्याला आमच्या बॅगा दिसल्या आणि त्याला चढावरच थांबावे लागले. खुर्ची मागे घसरू लागली. त्याने चाके घट्ट धरली, खुर्ची तिरकी होऊन कठड्यावर आदळली, मांडीवरील वह्या खाली विखुरल्या आणि त्याच्या उजव्या तळहाताची कातडी सोलली गेली. नात ओरडली, “आजोबा, बॅगा बाजूला घ्या!” आम्ही धावपळ करून वाट मोकळी केली, वह्या गोळा करून दिल्या आणि पुनःपुन्हा क्षमा मागितली. त्या दिवशी त्याची परीक्षा होती, हे मागाहून कळले.

तो रागावला नाही. रुमाल हाताला गुंडाळीत तो एवढेच म्हणाला, “साबा, तुम्हांला बोलावयाचे होते तर खाली अंगण आहे, वर ओसरी आहे, शेजारी पायऱ्या आहेत. मला मात्र हा एवढाच रस्ता आहे.”

त्या वाक्याने मला जे शिकविले, ते वाचकांपुढे ठेवावे, यास्तव हा लेखप्रपंच.

चार पायऱ्यांचा रॅम्प केवढा?

पायांनी चालणाऱ्यास रॅम्प म्हणजे किंचित कललेली फरशी वाटते. चाकांवर बसलेल्यास ती तशी वाटत नाही. सर्वसाधारण प्रमाण असे की, एक हात उंची चढावयाची असेल तर रॅम्पची लांबी किमान बारा हात असली पाहिजे. अमेरिकेत १९६१ साली जे पहिले राष्ट्रीय प्रमाणक प्रसिद्ध झाले त्यात हाच एकास बारा असा उतार सांगितला होता, आणि आजही तेथे तोच सर्वाधिक तीव्र उतार मानला जातो. पंधरा सेंटिमीटरच्या चार पायऱ्यांची उंची होते साठ सेंटिमीटर. त्यासाठी सात मीटरांहून अधिक लांबीचा रॅम्प लागतो. ज्या पायऱ्या आपण तीनचार सेकंदांत चढून जातो, त्यांच्याऐवजी त्या माणसाने केवळ दंडांच्या बळावर स्वतःचे व खुर्चीचे वजन सात मीटर वर ढकलावयाचे असते.

ही चढण गतीच्या आधाराने चढावयाची असते. पायथ्याच्या सपाट जागेवर वेग घ्यावयाचा आणि तो न मोडता पुढच्या सपाट जागेपर्यंत पोहोचावयाचे. मध्येच थांबावे लागले तर दुहेरी श्रम पडतात. एक हात चाकावरून सुटला तरी खुर्ची फिरते वा मागे येते. उतरतानाची अडचण याच्या उलट असते. तेव्हा तळहातांनी चाकांची कडी घासून वेग आवरावा लागतो, आणि अशा वेळी कोणी एकाएकी पुढ्यात आले तर खुर्ची जागच्या जागी थांबविता येत नाही. पावसाने फरशी ओली झाली असेल किंवा नेगेवमध्ये वावटळीनंतर बारीक धुळीचा थर साचला असेल, तर धोका आणखी वाढतो.

रुंदीचाही विचार करावा. अमेरिकन प्रमाणकाप्रमाणे रॅम्पची मोकळी रुंदी किमान एक्क्याण्णव सेंटिमीटर असावी लागते. एक खुर्ची त्यातून नीट जाते. परंतु दोन खुर्च्या समोरासमोरून जावयाच्या तर दीड मीटर जागा लागते. म्हणजे अनेक रॅम्पवर एका वेळी एकच जण सुखाने जाऊ शकतो. तेथे एक बॅग आडवी ठेवणे म्हणजे दरवाजाला बाहेरून कडी घालणेच होय.

हा रस्ता कोणी बांधला?

विद्यापीठांच्या आवारात रॅम्प आपोआप उगवलेले नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक अपंग सैनिक अमेरिकेतील विद्यापीठांत शिकावयास आले, तेव्हा इमारतींच्या पायऱ्यांनीच त्यांची वाट अडविली. इलिनॉय विद्यापीठात टिमोथी न्यूजंट यांनी १९४८ साली अपंग विद्यार्थ्यांसाठी एक योजना सुरू केली. पायऱ्यांवर रॅम्प घालणे, खुर्चीसह चढता येईल अशा बसगाड्या चालविणे, असे प्रयोग तेथे झाले. १९६१ सालचे जे प्रमाणक वर सांगितले, त्यामागे याच प्रयोगांतून आलेले ज्ञान होते.

१९६२ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथे एड रॉबर्ट्स नावाचा तरुण दाखल झाला. पोलिओमुळे त्याला मानेखाली जवळजवळ हालचाल करता येत नव्हती आणि श्वासोच्छ्वासासाठी लोखंडी फुप्फुसाचे यंत्र लागत असे. त्या यंत्रास पुरेशी जागा वसतिगृहात नसल्याने विद्यापीठाच्या रुग्णालयातच त्याची राहण्याची सोय करावी लागली. त्याच्यामागून त्याच्यासारखे आणखी विद्यार्थी आले आणि त्यांच्या आग्रहाने आवारातील व गावातील पदपथांच्या कडा उतरत्या करण्यात आल्या.

आपणां यहुदी वाचकांस ज्युडिथ ह्यूमन यांचे नाव विशेष जवळचे वाटावे. जर्मनीतून आलेल्या यहुदी निर्वासितांची ही कन्या, ब्रुकलिनमध्ये वाढलेली. १९४९ साली, दीड वर्षाची असताना, तिला पोलिओ झाला. शाळेत घालावयास नेले तेव्हा, ही मुलगी चाकांच्या खुर्चीत आहे, आग लागली तर तिचा अडथळा होईल, असे कारण देऊन तिला प्रवेश नाकारण्यात आला. हीच मुलगी पुढे लाँग आयलंड विद्यापीठात गेली आणि वर्गांपर्यंत रॅम्प मिळावेत म्हणून तिने अपंग व धडधाकट अशा दोन्ही विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन आवाज उठविला. शिक्षिका होण्याचा परवाना नाकारला गेला तेव्हा १९७० साली तिने न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाविरुद्ध दावा लावला व ती शिक्षिका झाली. अपंगांविरुद्ध भेदभाव करू नये, असे कलम अमेरिकेत १९७३ साली संमत झाले होते. पण त्याचे नियम सरकार जाहीर करीना. तेव्हा १९७७ च्या एप्रिलमध्ये शंभराहून अधिक अपंग व त्यांचे साथीदार सॅन फ्रान्सिस्को येथील सरकारी इमारतीत तीन आठवड्यांहून अधिक काळ ठाण मांडून बसले. त्यांच्या अग्रभागी ज्युडिथ होत्या. त्या महिन्याच्या अखेरीस नियमांवर सही झाली. २०२३ च्या मार्चमध्ये त्यांचे निधन झाले.

आपल्या देशाचा इतिहासही सांगण्याजोगा आहे. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी इस्राएलमध्ये पोलिओची साथ पसरली होती आणि तिच्यातून वाचलेली अनेक मुले कुबड्या व खुर्च्या घेऊन शाळेत गेली. १९६८ साली अपंगांची जागतिक क्रीडास्पर्धा आपल्याकडे भरली. भारताचा संघ अशा स्पर्धेत प्रथम उतरला तो याच वेळी. त्या संघात सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले हे मराठी जवान येथे टेबल टेनिस खेळले. चार वर्षांनी जर्मनीत त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळविले, आणि २०१८ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. आपल्यापैकी जे त्या काळी नुकतेच कोकणातून व मुंबईहून येथे येऊन स्थिरावत होते, त्यांच्या अगदी जवळच ही घटना घडत होती.

इस्राएलमध्ये अपंगांच्या समान हक्कांचा कायदा १९९८ साली झाला, आणि सार्वजनिक जागा सर्वांना वापरता आल्या पाहिजेत हे प्रकरण त्यास २००५ साली जोडण्यात आले. मध्यंतरी १९९९ साली अपंगांना आपल्या हक्कांसाठी जेरुसलेममध्ये दीर्घ काळ धरणे धरावे लागले होते. आज विद्यापीठांच्या आवारात रॅम्प, लिफ्ट व रुंद दरवाजे दिसतात. हैफाची दोन्ही मोठी विद्यापीठे कार्मेल पर्वतावर आहेत, जेरुसलेमचे एक आवार स्कोपस टेकडीवर आहे. अशा चढउताराच्या जागी या सोयींवाचून कित्येकांना शिक्षणच घेता आले नसते. २०२३ च्या ऑक्टोबरपासून सुरू झालेल्या युद्धात जखमी झालेले अनेक तरुणही अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी वर्गात परतले आहेत.

सर्वांचा रस्ता, पण सारखी गरज नव्हे

एवढा झगडा करून मिळविलेला रस्ता आता सर्वांनाच आवडू लागला आहे, आणि नेमकी येथेच नवी अडचण उभी राहते. बाबागाडी घेऊन आलेली आई, गुडघे दुखणारे आजी-आजोबा, पुस्तकांची गाडी ढकलणारा ग्रंथालयातील सेवक, जेवणाची खोकी पोहोचविणारा मुलगा, विजेवर चालणारी स्कूटर हाती धरलेला विद्यार्थी. रॅम्प सर्वांच्याच उपयोगी पडतो. यात वाईट काही नाही. रॅम्प केवळ खुर्चीवाल्यांसाठी राखून ठेवावा, बाकीच्यांनी त्यावर पाऊल टाकू नये, असे माझे म्हणणे नाही. परंतु जो मार्ग थोड्यांच्या गरजेसाठी बांधला, तो पुष्कळांच्या सोयीने भरून जावा आणि ते थोडे पुन्हा खाली ताटकळत राहावेत, हा न्याय नव्हे.

यासाठी एकच कसोटी पुरेशी आहे: मला दुसरी वाट आहे काय? असेल तर ज्याला ती नाही त्याला प्रथम जाऊ द्यावे. या कसोटीतून पुढील गोष्टी सहज निघतात.

पहिली गोष्ट, रॅम्प हे थांबण्याचे ठिकाण नव्हे. पायथा, माथा आणि मधली सपाट जागा या तिन्ही मोकळ्या राहिल्या पाहिजेत. माथ्यावर दाराशी उभे राहून सिगारेट ओढणारे, पायथ्याशी घोळका करून वर्गाची वाट पाहणारे आणि माझ्यासारखे मध्येच गप्पा मारणारे, हे सारे सारख्याच दोषाचे धनी होत.

दुसरी गोष्ट, रॅम्पवर पाऊल टाकण्यापूर्वी दुसऱ्या टोकाकडे दृष्टी टाकावी. कोणी खुर्चीतून चढत वा उतरत असेल तर त्याला आधी पुरे जाऊ द्यावे. उतरणाऱ्याच्या पुढ्यात शिरू नये, चढणाऱ्याच्या अगदी मागे चिकटून चालू नये. दोन खुर्च्या समोरासमोर आल्या तर जी आधी रॅम्पवर आली तिला वाट द्यावी. आपल्यापाशी “सावलानूत” हा शब्द पुष्कळ उच्चारला जातो. तो आचरण्यास अर्धा मिनिटही लागत नाही.

तिसरी गोष्ट, कठड्याला सायकल वा स्कूटर बांधू नये. कठडा हा ज्याचा तोल जातो त्याचा आधार आहे. एखाद्याची एकच बाजू लुळी असेल तर त्याला कठडा ठराविक बाजूसच लागतो. त्याला “उजवीकडून चाला” असे सांगण्यात अर्थ नाही. अंध विद्यार्थ्याच्या काठीला अशी सायकल फार उशिरा लागते, आणि तिचे बाहेर आलेले मूठदांडे त्याआधी अंगाला लागतात.

चौथी गोष्ट, दुसऱ्याच्या गरजेचा निवाडा डोळ्यांनी करू नये. विजारीखाली कृत्रिम पाय असतो, सदऱ्याखाली दुबळे हृदय असते. दिसावयास तरुण माणूस धडधाकट वाटतो आणि त्याला पायऱ्या चढण्याची वैद्यकीय मनाई असते. “तुला काय झाले आहे, पायऱ्यांनी जा,” असे दरडावण्याचा अधिकार कोणासही नाही. कसोटी आपण स्वतःस लावावयाची आहे.

पाचवी गोष्ट, मदत जरूर करावी, परंतु विचारल्यावाचून नव्हे. मागून येऊन एकदम खुर्ची ढकलणे म्हणजे चालत्या माणसाला पाठीमागून धक्का देण्यासारखेच आहे. त्याची गती, त्याचा तोल, त्याची दिशा सारे बिघडते. “मदत करू का?” एवढे विचारावे. “नको” म्हटले तर मनास लावून न घेता पुढे जावे. “हो” म्हटले तर कोठे धरू, तेही विचारावे. कारण काही खुर्च्यांचे हात निघून येणारे असतात आणि त्यांना धरून उचलू गेल्यास अपघात होतो.

हेच सारे नियम लिफ्टलाही लागू आहेत. धट्टीकट्टी मुले एक मजला चढण्यासाठी लिफ्ट भरून टाकतात आणि खुर्चीतला वर्गबंधू बंद दाराकडे पाहत राहतो, हे दृश्य शोभत नाही.

एकाच अध्यायातील दोन आज्ञा

इस्राएलमधील बसगाड्यांत तोरातील एक वचन लिहिलेले आपण पाहतो. पिकल्या केसांच्या माणसापुढे उठून उभे राहावे, अशी ती आज्ञा आहे. आपण वृद्ध मंडळी तिच्यावर फार खूष असतो. कोणी मुलगा उठला नाही तर त्याचे लक्ष तिकडे वेधावयासही कमी करीत नाही. परंतु लेवीयाच्या ज्या एकोणिसाव्या अध्यायात ती आज्ञा आहे, त्याच अध्यायात थोडी आधी दुसरी आज्ञा आहे: आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये. आपल्या विद्वान रब्बींनी तिचा अर्थ डोळ्यांच्या अंधत्वापुरता ठेवला नाही. अजाण माणसाला चुकीचा सल्ला देणेही त्यांनी तिच्याखाली आणले. रॅम्पवर बॅग ठेवणाराही या आज्ञेच्या कक्षेबाहेर राहू शकेल, असे मला वाटत नाही. त्या रविवारी पिकल्या केसांचा मी वाटेत उभा होतो आणि विशीतला एक मुलगा माझ्यामुळे घसरत होता. बसमध्ये त्याने माझ्यासाठी उठावे ही अपेक्षा मी करतो. मग रॅम्पवर मी त्याच्यासाठी बाजूला होणे हेही त्याच अध्यायाने मजवर बंधनकारक केले आहे.

सभ्य वर्तणुकीला हिब्रूत “देरेख एरेत्स” म्हणतात. त्यातील “देरेख” म्हणजे वाट. वाटेवर कसे वागतो यावरून माणसाची ओळख पटावी, हे त्या शब्दातच आले आहे.

हा उपदेश केवळ कॉलेजातील मुलांसाठी आहे असे कोणी समजू नये. आपल्या समारंभांचे काय? मेंदीच्या रात्री सभागृहाच्या रॅम्पवर थंड पेयांचे क्रेट रचलेले असतात, मलिद्याच्या कार्यक्रमास दाराशी बाबागाड्यांची रांग लागते, आणि प्रार्थनालयाच्या उतरणीवर जादा खुर्च्या ठेवल्या जातात. “पाच मिनिटांत उचलतो,” असे आपण म्हणतो. त्याच पाच मिनिटांत एखादी आजी खुर्चीतून येते, खाली थांबते, आणि चारचौघांनी उचलून आत नेण्याची लाज वाटून पुढल्या वेळी घरीच राहते. कोणी तिला येऊ नको म्हटलेले नसते. तरीही तिचे येणे बंद होते.

यास्तव माझी दोन नम्र सूचना आहेत. आपल्या प्रत्येक कार्यक्रमास जसे पाहुण्यांचे स्वागत करण्यास व पंगत पाहण्यास माणसे नेमलेली असतात, तसा एक तरुण स्वयंसेवक आरंभापासून अखेरपर्यंत रॅम्प मोकळा ठेवण्यासाठी नेमावा. आणि ज्या घरची मुले विद्यापीठात जाऊ लागली आहेत, त्या आईबापांनी रविवारी बॅग भरून देताना डब्याबरोबर एवढे एक वाक्यही द्यावे की, पाय धड आहेत तोवर बॅग उचलून पायऱ्यांनी जा.

नात आता पदवीधर होऊन नोकरीस लागली आहे. त्या प्रसंगानंतर तिला सोडावयास जेव्हा जेव्हा गेलो, तेव्हा पायऱ्यांनीच चढलो. माझ्या वयास साजेल अशा संथपणे, एका पायरीवर बॅग टेकवीत, दुसरीवर दम घेत. तो तरुण पुढे दोनदा दिसला. एकदा त्याने शेजारच्या मोकळ्या रॅम्पवरून वर जाताना हात उंचावून “शालोम, साबा” म्हटले आणि माझ्या कितीतरी आधी तो दारापाशी पोहोचला.